बिनदाण्याचं चॉकलेट

माझी मुलगी सव्वा वर्षाची असताना, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, शेजारच्या बाईंनी कौतुकानं तिच्या हातात दाण्याच्या लाडवाचा बोटभर तुकडा दिला. तिनं तो चघळला आणि थुंकून टाकला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. पाच मिनिटांनी वळून पाहिलं तर तिचे ओठ सुजून बाहेर आले होते, डोळे मिटत चालले होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मला वाटलं, विंचू चावला. मी तिचे हातपाय तपासत बसले. तेवढ्यात तिच्या वडिलांनी तिला उचललं आणि सायकल काढली, म्हणून ती वाचली.

नागपूरच्या सक्करदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. खाली दवाखाना, वर त्यांचं घर. त्यांनी सुई टोचली आणि मुलगी मांडीवर रडायला लागली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. काय खाल्लं, केव्हा खाल्लं, सगळं विचारून ते म्हणाले, "ही दाण्याची ॲलर्जी आहे, बाई. एक दाणाही पोटात जाऊ देऊ नका."

"मोठी झाल्यावर जाईल ना?"

त्यांनी सुई उकळत्या पाण्यात टाकली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काहींची जाते. हिची जाईल असं समजून चालू नका. या वेळी थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळी किती होईल, मी नाही सांगू शकत."

त्यातलं 'पुढच्या वेळी' तेवढं माझ्यापाशी राहिलं. पुढची वेळ येणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

आम्ही तेव्हा शहराबाहेर हुडकेश्वरला नुकत्याच दोन खोल्या बांधल्या होत्या. आता तिथं घराला घर लागलं आहे, पण त्या काळी आमच्या मागच्या भिंतीला लागून शेत होतं, आणि त्या शेतात एक वर्ष तूर तर एक वर्ष भुईमूग. पावसाळा संपला की भुईमूग उपटायला सुरुवात व्हायची. वेलांचे ढीग आमच्या कुंपणापर्यंत यायचे. बाया ओळीनं बसून शेंगा तोडायच्या, पोरं काटक्या पेटवून त्या भाजायची, आणि तो खमंग वास आमच्या दोन्ही खोल्यांत भरून राहायचा. वाऱ्यानं टरफलं उडत यायची, उंबऱ्याशी जमा व्हायची. मी शाळेत शिकवायला जाण्याआधी एकदा आणि परत आल्यावर एकदा अंगण झाडायची. मुलीला झाडून होईपर्यंत दारातून बाहेर पडायची परवानगी नव्हती. लोक त्या वासानं दारात येऊन उभे राहायचे, मी खिडक्या लावून घ्यायची.

घरातून दाणे गेले. दाण्याचं तेल गेलं, जवसाचं आलं. बाजारातला चिवडा, शेव, भजी, सगळं बंद झालं. पण घर आवरणं सोपं होतं, माणसं आवरणं कठीण. पोरगी गोरीगोमटी, बोलकी; जो तो तिच्या हातावर काहीतरी ठेवायला बघायचा. मी ते काढून घेतलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मागच्या शेताच्या मालकीणबाई एकदा कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत नाही काय वं तुमच्या पोरीले? इतके दिवस आमच्या लोकायनं तुमच्या हातचं खाल्लं नाही, तं आता तुम्ही फेडून राहिल्या काय?"

त्या हसत होत्या. मीही हसले. पण घरात आल्यावर मला आई आठवली. आमच्या आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्याआधी माझ्या आईला लोक ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते मी पाहिलेलं होतं. आणि आता मीच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, तुमच्या हातचं नको. कारण वेगळं होतं, पण ऐकणाऱ्याच्या कानावर तेच शब्द पडत होते.

मुलगी बालवर्गात गेली आणि चॉकलेटचा प्रश्न उभा राहिला. ती माझ्याच शाळेत होती. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की गोळ्या नाहीतर चॉकलेट वाटायची पद्धत नवीनच सुरू झाली होती. तिला मिळालेलं चॉकलेट ती मुठीत धरून माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहायची. ते मी पर्समध्ये टाकायची. त्या वेळच्या वेष्टनांवर आत काय आहे ते लिहिलेलं नसायचं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "जे तुमच्या समोर बनलं नाही, ते देऊ नका." मुलीनं कधी हट्ट केला नाही. फक्त चकचकीत कागद मागून घ्यायची. तो नखानं गुळगुळीत करायची, आणि हुंगायची. ते हुंगणं मला बघवेना.

आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई होत्या, सदरला राहायच्या. नाताळात त्या घरी चॉकलेटच्या वड्या करायच्या. त्यांनी मला मधल्या सुट्टीत कृती सांगितली: साखरेचा एकतारी पाक करायचा, त्यात लोणी घालायचं, मग दुधाची पावडर आणि कोको एकत्र चाळून थोडं थोडं मिसळायचं, कडा सुटेपर्यंत ढवळायचं, तूप लावलेल्या ताटात ओतायचं. "सोप्पं आहे," त्या म्हणाल्या. "वरून काजू नाहीतर दाण्याचा कूट."

"कूट नाही," मी म्हणाले.

"मग कुरकुरीत कशानं होणार?"

ते मी शोधून काढलं. ज्वारीच्या लाह्या. पण भडभुंज्याकडच्या नाहीत, कारण ज्या वाळूत तो लाह्या फोडतो त्याच वाळूत तो फुटाणे आणि दाणे भाजतो. मी एकदा त्याच्या भट्टीसमोर उभी राहून ते पाहिलं आणि तशीच परत आले. लाह्या मी घरच्या लोखंडी कढईत फोडल्या. निम्म्या ज्वारीचे न फुटता गणंगच राहिले. दुधाची पावडर सुट्टी घेतली नाही, बंद डबा घेतला. कोकोचा डबा सदरच्या दुकानातून आणला. साखर पाकात लवकर विरघळावी म्हणून घरीच कुटली. कुटण्यासाठी नवा खलबत्ता घेतला, कारण जुन्यात पूर्वी दाणे कुटले होते. चाळणीसुद्धा नवी.

पहिल्या खेपेला पाक पुढं गेला आणि सगळं रवाळ झालं. दुसऱ्या खेपेला कच्चा राहिला, वड्या पडेनात, चमच्यानं खावं लागलं. तिसऱ्या खेपेला जमलं. काळपट तपकिरी, वरून मऊ चकाकी, दाताखाली लाही कुरकुरायची. मुलीनं पहिली वडी दोन्ही हातांनी धरून खाल्ली. अर्धी झाल्यावर थांबली, मला म्हणाली, "आई, ही पूर्ण माझी?" मी तिच्या ओठांकडे बघत होते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काही झालं नाही. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी खिडकी उघडी ठेवली.

पुढं वर्षभर मी त्या वड्या करत होते. हात बसला. वर्गातलं कुणी चॉकलेट वाटलं की मुलगी ते त्यालाच परत द्यायची आणि सांगायची, "माझ्याकडं माझं आहे." मला त्याचा अभिमान वाटायचा. आज वाटतं, मी सैल पडले होते. मला वाटत होतं की मी सगळी दारं बंद केली आहेत.

माझ्या सासूबाई खाप्याला राहायच्या. कन्हानच्या काठचं ते गाव, घरोघरी माग. सासरे वारल्यावर त्यांनी मागाच्या कांड्या भरून एकुलत्या एका मुलाला शिकवलं होतं, पोस्टात लावलं होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. दरवर्षी दसऱ्याला दीक्षेच्या दिवसासाठी त्या नागपूरला यायच्या, पांढरं लुगडं नेसून दिवसभर गर्दीत उभ्या राहायच्या, आणि मग आमच्याकडं पंधरावीस दिवस राहायच्या. नातीवर त्यांचा जीव होता. तिला मांडीवर घेऊन तासन्‌तास तिच्याशी बोलत बसायच्या.

त्या वर्षी येताना त्यांनी तेलाचा डबा आणला. ताज्या दाण्याचं, घाण्यावर समोर उभं राहून काढून घेतलेलं. तो डबा त्यांनी मांडीवर धरून खाप्याहून आणला होता. झाकण उघडलं तशी खोलीभर दाण्याचा वास पसरला आणि मी ते परत दाबून बसवलं.

"आत्याबाई, हे घरात नको," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे ना."

"दाणे कुठं आणले मी?" त्या म्हणाल्या. "हे तं तेल होय. दाण्याचा चोथा, ढेप, तिकडंच राह्यली. तेलात काय असते वं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरले काय मालूम. लेकराले जे सोसत नाही, ते जरा जरा देऊन सवय लावा लागते. आमी असंच केलं."

मुलीचे वडील मध्ये पडले. "माय, नको म्हणते तं नको. मी डबा शेतवाल्यांकडं देऊन येतो." ते घेऊन गेले. त्या दिवशी जेवताना आत्याबाईंनी भाजी घेतली नाही.

दोन दिवसांनी मला त्यांच्या गाठोड्यात एक छोटी शिशी दिसली. औषधाची जुनी बाटली, त्यात ते तेल. मी विचारलं. "गुडघ्यायले चोळतो," त्या म्हणाल्या. "डबा तं गेला. एवढंबी ठेवू नाही का?" त्यांचे गुडघे खरंच दुखायचे. मी ती शिशी त्याच क्षणी उचलायला हवी होती. पण त्यांना एकदा दुखावलं होतं, पुन्हा दुखवायचं धाडस झालं नाही. मी म्हटलं, पोरीला हात लावायच्या आधी हात धुवा. त्या म्हणाल्या, "हो वं."

त्याच आठवड्यात मुलीच्या अंगावर चट्टे उठायला लागले. आधी कोपरापाशी, मग मानेवर. दुपारनंतर उठायचे, रात्री झोपेपर्यंत विरायचे. मी शाळेतून आले की ती खाजवत बसलेली दिसायची. मी घर पालथं घातलं. जवसाच्या तेलाचा डबा हुंगला. दुकानदाराला विचारलं, यात भेसळ तर नाही? मागच्या शेतात भुईमूग उपटणं चालू होतं. मला वाटलं, धुळीनं होत असेल. मी दारंखिडक्यांना ओली पोती लावली. वर्गातल्या मुलींना एकेक करून विचारलं, हिला कुणी काही दिलं का? मुली घाबरून नाही म्हणाल्या. मला आता कुणाचंच खरं वाटेना. शेतवाल्या बाईंशी मी बोलणं सोडलं. मुलीची सुट्टी लवकर व्हायची. ती शेजारच्या मुलींबरोबर घरी यायची आणि आजीच्या हातून वरणभात खायची. तिकडं माझं लक्षच गेलं नाही. घरातलंच वरण, घरातलाच भात, आणि घरातलंच माणूस.

तिचा सहावा वाढदिवस त्या आठवड्याच्या शेवटी आला. यंदा वर्गात तिनंही काहीतरी वाटायचं असं मी तिला कबूल केलं होतं. चाळीसएक वड्या लागणार होत्या, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्या आल्या मी स्टोव्ह पेटवला. मोठ्या पातेल्यात पाक केला. कोको आणि पावडर घातल्यावर हात थांबवता येत नाही. थांबला तर खाली लागतं. मिश्रण कडा सोडायला लागलं तेव्हा लक्षात आलं की ताटांना तूप लावायचं राहिलं आहे. मी ढवळता ढवळताच आवाज दिला, "आत्याबाई, त्या दोन ताटांना जरा तूप लावून द्या!"

त्या लगेच उठल्या. मी त्यांच्याकडं पाठ करून उभी होते. दोन ताटं त्यांनी माझ्या बाजूला आणून ठेवली, चांगली चकचकीत. मी मिश्रण ओतलं, उलथन्यानं सारखं केलं. कोकोचा दाट वास सगळीकडं कोंदला होता. त्यात दुसरा कुठलाच वास कळण्यासारखा नव्हता.

सकाळी मुलीनं नवा फ्रॉक घातला. तसबिरींसमोर मेणबत्ती लावली, तिघांनी मिळून वंदना म्हटली. आत्याबाई मागं बसल्या होत्या. मी ताटातली कडेची वडी काढली, जरा जास्त मोठी, आणि माझ्या हातानं मुलीच्या तोंडात घातली.

ती चावायला लागली आणि थांबली. "आई, जिभेला मुंग्या चावतात."

मी म्हटलं, थुंक. ती थुंकेपर्यंत अर्धी गिळून झाली होती. तिनं तळहात फ्रॉकवर घासायला सुरुवात केली. तळहात लाल झाले होते. मग ती खोकली. तो खोकला मी ओळखला. पावणेपाच वर्षं मी तो झोपेत ऐकत आले होते.

तिचे वडील ऑफिसला जायला निघालेलेच होते, सायकल दारात होती. मी मुलीला घेऊन मागच्या कॅरिअरवर बसले. रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंनी शेंगा वाळत घातलेल्या. काही ठिकाणी लोकांनी त्या रस्त्यावरच पसरल्या होत्या आणि चाकाखाली त्या कडकड फुटत होत्या. मुलगी माझ्या खांद्यावर होती. आधी ती रडत होती. मग रडणं घोगरं झालं. मग ते थांबलं आणि फक्त श्वास ओढल्याचा आवाज राहिला, आणि प्रत्येक श्वासामधलं अंतर वाढत चाललं. मी तिच्या वडिलांना म्हणाले, "जोरात." त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. दवाखान्याचं वळण दिसलं तेव्हा तिची मान मागं गेली. ओठ जांभळे झाले होते.

दवाखाना उघडायचा होता. तिच्या वडिलांनी खालूनच हाक मारली. ती हाक कशी होती ते मी सांगू शकत नाही. डॉक्टर गंजिफ्राकवर, अनवाणी जिना उतरून आले. एक सुई दिली. थांबले. दुसरी दिली. तिची नाडी धरून ते उभे होते आणि मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. बऱ्याच वेळानं तिनं एक मोठा श्वास घेतला.

"इथं ठेवायचं नाही," ते म्हणाले. "हे परत उलटतं." त्यांनी स्वतःच्या गाडीतून आम्हाला सरकारी दवाखान्यात पोचवलं.

ते म्हणाले तसंच झालं. दुपारी मुलगी उठून बसली होती, पाणी मागत होती, मला वाटलं संपलं. आणि एकाएकी पुन्हा तिचा चेहरा सुजायला लागला. या वेळी सकाळपेक्षा जास्त. नर्सनं मला पडद्याबाहेर काढलं. आतून पावलांचे, भांड्यांचे आवाज येत होते. तिचा आवाज येत नव्हता.

मी बाहेरच्या बाकावर बसून एकेक जिन्नस मोजत होते. कोको तोच. पावडर नवीन डब्याची, पण मीच फोडलेली. साखर, लोणी, लाह्या. पुन्हा पहिल्यापासून. माझ्या हातानं मी तिला काय खाऊ घातलं?

तेवढ्यात आत्याबाई आल्या. हुडकेश्वरहून चालत आल्या होत्या, त्या गुडघ्यांनी. हातात डबा होता, माझ्यासाठी भाकरी आणलेली. माझ्याजवळ बसल्या. "कशी आहे वं?" मी मान हलवली. मग मला काहीतरी बोलतं करायचं म्हणून म्हणाल्या, "वड्या तं चांगल्या निघाल्या न? चिकटल्या नाई. तूप थोडंसंच होतं, ताटाले कायले वाया घालवा म्हून मी शिशीतल्या तेलाचं बोट फिरवलं."

मी त्यांच्याकडं वळले. मला वाटतं, माझ्या तोंडाकडं पाहूनच त्यांना कळलं. तरी त्या बोलतच राहिल्या, जसं काही बोलणं थांबवलं तर काहीतरी होईल. "तेलानं नसन झालं. आठ दिवसापासून तिच्या वरणाले त्याचीच फोडणी देऊन राहिली मी. सवय लागावी म्हून. जरासे चट्टे उठत होते, बाकी काही नाई..."

चट्टे. ओली पोती. वर्गातल्या घाबरलेल्या मुली. सगळं एका क्षणात माझ्यासमोर येऊन बसलं.

मी ओरडले नाही. अगदी हळू म्हणाले, "आत्याबाई, आजपासून तुमच्या हातचं माझ्या मुलीला चालणार नाही. तिच्या भांड्याला शिवू नका."

त्यांनी डबा बाकावर ठेवला. पदर सारखा केला. म्हणाल्या, "हे मले लोकायनं जनमभर म्हटलं. घरात ऐकीन असं नव्हतं वाटलं." आणि उठून त्या व्हरांड्याच्या टोकाला, पायरीवर जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होत्या. मी त्यांना आत बोलावलं नाही.

मुलगी वाचली. तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. आवाज महिनाभर बसलेला होता. घरी आलो तेव्हा आत्याबाई खाप्याला निघून गेल्या होत्या. ताटं घासून, उलटी घालून ठेवली होती. शिशी कुठंच नव्हती.

पुढच्या दसऱ्याला त्या नागपूरला आल्या, पण आमच्याकडं आल्या नाहीत. मुलीचे वडील त्यांना गर्दीत भेटून आले. नातीसाठी त्यांनी मागावरचं कापड पाठवलं होतं. त्याच्यापुढच्या वर्षीही तेच. मुलगी विचारायची, आजी का येत नाही? मी सांगायची, तिचे गुडघे दुखतात.

तिसऱ्या वर्षी मी मुलीला घेऊन खाप्याला गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. आत्याबाई खूप वाळल्या होत्या. त्यांनी नातीला जवळ घेतलं नाही, दुरूनच डोळे भरून पाहिलं. मला म्हणाल्या, "मी काही रांधलं नाई हो. डबा आणला असशीन न?" घरात चूल थंड होती. आम्ही येणार म्हणून त्या स्वतः उपाशी बसल्या होत्या, की चुलीचा धूरसुद्धा पोरीला लागू नये.

मी डबा उघडला. त्यात वड्याही होत्या. मुलीनं एक वडी उचलली आणि आजीच्या तोंडाशी नेली. आत्याबाईंनी तोंड उघडलं नाही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी खाली पाहिलं. माफीचे शब्द तोंडात होते, पण मनात एक जागा अजून तशीच कडक होती. ती मला दिसत होती आणि हलवता येत नव्हती. शेवटी मुलीनंच म्हटलं, "खा ना आजी." त्यांनी एक कण तोडून घेतला आणि हात मागं घेतला. निघताना मी वाकून नमस्कार केला, एवढंच. त्या उन्हाळ्यात त्या वारल्या.

मुलगी बारावीनंतर बाहेरगावी शिकायला निघाली. हॉस्टेलची मेस, नव्या मैत्रिणी, त्यांच्या घरून येणारे डबे. ती ट्रंक भरत होती तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, कारण आता सांगणं भाग होतं. म्हणाले, "तुला दुष्ट माणसाची भीती नाही. तुझ्यावर माया करणारं माणूसच कधीतरी म्हणेल, एवढ्याशानं काय होतं. त्याचं ऐकू नकोस."

ती कपड्यांच्या घड्या करत होती. हात थांबले. "म्हणजे आजीनं?"

"हो."

"आणि तू तिला काय म्हणालीस?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. दवाखान्यात म्हणाले होते तेच शब्द, जसेच्या तसे, तिला सांगितले. ती माझ्याकडं पाहत राहिली. मग पुन्हा घड्या घालायला लागली.

तिच्यासाठी केलेल्या वड्यांचा डबा ट्रंकेशेजारी ठेवला होता. ती गेल्यावर मी आत आले तर तो तिथंच होता. विसरली असेल, असं तिचे वडील म्हणाले. पत्रात मी त्याबद्दल विचारलं नाही, आणि तिनंही लिहिलं नाही.